देवाकडे पाठ, आबांकडे तोंड

आमच्या घरी रोज संध्याकाळी भजन होतं, आणि ते आम्ही देवाकडे पाठ करून म्हणतो. नव्या माणसाला हे बघवत नाही. एकदा धुळ्याहून मावशी आली होती. दिवा लागला, आम्ही बसलो आणि तिने कपाळाला हात लावला. "अवं बाई, देव तठे नि तुम्हनं तोंड कोठे?" माय, म्हणजे माझी आई, वाती सारखी करत म्हणाली, "देवले मांगून बी आयकू येस. यासले नही येत." यासले म्हणजे माझ्या वडिलांना. त्यांना आम्ही आबा म्हणतो. मावशी दोन दिवस राहिली आणि दोन्ही संध्याकाळी तिने एकटीने देवाकडे तोंड करून हात जोडले. तिच्याशी कोणी वाद घातला नाही.

आबांनी तीस वर्षं सुरतेत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातून ते आले तेव्हा कान शाबूत होते आणि गळा तर असा की गावच्या भजनात त्यांच्याशिवाय पान हलायचं नाही. बारा-बारा तासांच्या पाळ्या, एका छताखाली साठ-सत्तर मशीन, दिवसरात्र खटखट. सुरतेतच गोडादऱ्याला आम्ही घर घेतलं तेही अशा जागी की मागच्या भिंतीला लागून लूम्सचं खातं, म्हणजे कारखाना. झोपेतसुद्धा कानाला सुट्टी नाही. कान एकदम गेले नाहीत, हळूहळू विझत गेले. आधी पाखरं गेली, मग कुकरच्या शिट्ट्या, मग माझ्या हाका. डॉक्टरांनी कानात घालायचं मशीन दिलं. ते घातलं की मागच्या खात्याची खटखट दुप्पट व्हायची, म्हणून आबांनी ते सुयादोऱ्याच्या डब्यात ठेवून दिलं. अजून तिथेच आहे.

पण त्यांच्याशी बोलायची अडचण कधी आली नाही. लूमच्या खात्यात कोणालाच काही ऐकू येत नसतं, म्हणून तिथली सगळी माणसं ओठ वाचतात आणि हातांच्या खुणांनी बोलतात. आबा तर समोरच्या लाइनीतल्या माणसाशी जेवणाच्या डब्यात काय आहे इथपर्यंत गप्पा मारायचे. मी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. चाळीस पोरांपुढे तोंड मोठं करून बोलायची सवय आहे, त्यामुळे माझे ओठ आबांना सगळ्यात स्पष्ट वाचता येतात. माझ्या फटकळपणाचा घरात झालेला हा एकच उपयोग, असं माय म्हणते.

आमच्या गल्लीत खानदेशी माणसांचं एक भजनी मंडळ आहे. सात-आठ पुरुष, एक ढोलकी, चार झांजा. दर गुरुवारी पाळीपाळीने एकेका घरी बसतात. मंडळ सुरू झालं तेव्हा पहिला मान आबांचा होता. मग कान जाऊ लागले तसा त्यांचा आवाज चढू लागला, कारण झांजांच्या आवाजात त्यांना स्वतःचं काही ऐकू यायचं नाही. त्याहून वाईट म्हणजे ताल. भजन कितीही संथ सुरू होऊ दे, चौथ्या ओळीला आबा लूमच्या वेगावर यायचे. हात, मान, गुडघा, सगळं खटक-खटक, खटक-खटक. तीस वर्षं अंगात भिनलेला वेग तो, भजनाला बसलं म्हणून थोडाच उतरणार?

मग आबा एकेक पायरी उतरायला लागले. आधी म्हणायचं बंद झालं आणि झांज हातात आली. झांज लूमसारखी वाजू लागली तेव्हा ती जाऊन चिपळी आली. चिपळीनेही ढोलकीवाला बिथरू लागला, तेव्हा बुवा, म्हणजे मंडळाचे म्होरके, एक दिवस प्रेमाने म्हणाले, "तुम्ही चहाचं बघा ना. तुमच्या हाताला चव आहे." आबांनी मान डोलावली. पुढच्या गुरुवारी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून कप विसळत होते आणि समोर भजन चाललं होतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि माझं डोकं फिरलं.

मी दुसऱ्या दिवशी बुवांच्या दारात. बुवाही जुने लूमवालेच, नंतर साड्यांच्या घड्या घालायच्या खात्यात गेले म्हणून कान वाचले. मी बरंच बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बेटा, तुझ्या बापाला नको कोण म्हणतंय? पण ते भजन आहे, लूम नाही. आठ माणसं दमून येतात, घटकाभर त्यांना एका सुरात बसायचं असतं." त्यांचं बरोबर होतं. ते बरोबर होतं म्हणूनच मला जास्त राग आला.

माय मात्र कोणाच्या दारात गेली नाही. त्या संध्याकाळी तिने दिवा लावला, आबांना देवापुढे बसवलं, स्वतः त्यांच्यासमोर, देवाकडे पाठ करून बसली आणि मला हाक मारली. माझ्यापुढे तपासायच्या वह्यांचा गठ्ठा होता. देव या विषयात मला फारसा रस नव्हता, आजही फार आहे असं नाही. मी म्हटलं, तुम्ही दोघं म्हणा. ती म्हणाली, "दोन तोंड पुरतस नही. बस." मी बसले.

पहिला महिना नुसता गोंधळ होता. माय तिच्या माहेरची भजनं म्हणायची, संथ, एकेक शब्द ओठांत घोळवून. मी स्टीलच्या ताटलीवर चमच्याने ताल धरायचे. आबा आमचे ओठ बघत गायचे आणि चौथ्या ओळीला सुसाट सुटायचे. मागे खातं चालूच. मग मायने खात्यातल्या खुणा घरात आणल्या. त्या तिला येत होत्या, कारण लग्नानंतर काही वर्षं तीही एका खात्यात सुताच्या कांड्या भरायला जायची. दोन बोटं एकमेकांपासून ओढली म्हणजे धागा तुटला. आमच्याकडे त्याचा अर्थ झाला की सूर सुटला. तळहात हवेत हळूहळू खाली म्हणजे वेग उतरवा. आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली केली म्हणजे सगळं बंद, पुन्हा पहिल्यापासून.

ही फुलीची खूण खात्यात फार गंभीर असते. कोणाचा हात नाही तर कपडा मशीनमध्ये अडकला की जो बघेल तो फुली करतो, आणि फुली दिसली की ज्याने त्याने आधी आपलं मशीन थांबवायचं, विचारपूस मग. आम्ही ती घरात चेष्टेने वापरत होतो. मला तर तिची चटकच लागली होती. शाळेत पोरं गोंगाट करायला लागली की माझे हात आपोआप डोक्यावर जायचे.

आबा सुधारले का? थोडे. ओठांवर नजर असली की पाच-सहा ओळी नीट जायच्या. पण खरं सांगायचं तर रोजच्या त्या पाव तासाने आम्ही दोघीच जास्त सुधारलो. आबांना ओठ दिसले पाहिजेत म्हणून आम्हाला त्यांच्याकडे तोंड करून बसावं लागायचं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघावं लागायचं. घरातल्या माणसाच्या तोंडाकडे सलग पाव तास कोण बघतं? मी तर वर्षानुवर्षं बघितलं नव्हतं. त्यांच्या डाव्या भुवईत एक पांढरा केस आहे, वरच्या ओठाला लूमच्या उडालेल्या धोट्याचा जुना व्रण आहे, हे मला तिशीला टेकल्यावर कळलं. एकदा मायचं आणि माझं फ्रिज कुठल्या खोलीत ठेवायचा यावरून जोरात वाजलं. तीन दिवस अबोला. तिसऱ्या संध्याकाळी भजनाला बसलो, आणि आबा आमच्या दोघींचे ओठ बघून गाता गाता मध्येच म्हणाले, "तुम्हना दोन्हीसना राग बी एकच सुरमा शे." आम्ही दोघी फिस्सकन हसलो आणि फ्रिज बाहेरच्या खोलीतच राहिला.

दिवसभर घरात जे काही साचायचं ते त्या पाव तासात निवळायचं. माझी शाळेतली चिडचिड, मायची गुडघेदुखी, आबांचं ते गप्प गप्प राहणं. यात देव किती आणि गाणं किती हे मला सांगता येणार नाही. मायला विचारलं तर ती म्हणते, तू मोजालेच बसनी व्हती का?

त्याच सुमारास कानबाईची आमची पाळी आली. कानबाई ही आम्हा खानदेशी माणसांची श्रावणातली देवी. नारळाला डोळे, नथ, दागिने लावून रविवारी तिची स्थापना करतात आणि सोमवारी तिला नदीला पोहोचवतात. गावी ती भाऊबंदकीत बसते. इथे भाऊबंद कुठून आणायचे? म्हणून आमच्या गल्लीने सोय केली आहे: दहा-बारा घरांची मिळून एक कानबाई, दर वर्षी वेगळ्या घरी. ज्याच्या दारी ती बसेल त्याने मंडपात पहिलं भजन म्हणायचं, असा गल्लीचा रिवाज.

बुवा आषाढातच आमच्याकडे आले. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं, आणि मग मायकडे वळून आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "पहिलं भजन यंदा मी म्हणतो तुमच्या वतीने. माणसं हसतील, यांना वाईट वाटेल." आबा समोरच बसले होते. त्यांना ऐकू येत नाही म्हणून बुवा हळू बोलले, पण हळू बोललेलंसुद्धा ओठांवर तेवढंच मोठं दिसतं, हे लूमवाल्या बुवांच्या ध्यानात राहिलं नाही. आबा उठले, पाण्याची बादली घेतली आणि अंगणातली तुळस नेहमीच्या दुप्पट पाण्यात बुडवून आले. त्या संध्याकाळी ते भजनाला बसले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. माय समोरची चटई मोकळी ठेवून एकटीच म्हणत राहिली. मी बसायचे, पण माझ्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. बघायचं कोणाकडे?

चौथ्या दिवशी मायने बुवांना निरोप धाडला, की पहिलं भजन घरना मानूसच म्हनी, तुम्हले पटत नसी तं कानबाई दुसरा घर बसाडा. हा निरोप तिने आबांसमोर दिला, त्यांना ओठ दिसतील असा. बुवांचं उत्तर आलं, की तुमचं घर, तुमचा मान. त्या संध्याकाळी आबा चटईवर येऊन बसले आणि त्यांनी स्वतःहून मला ताटली आणायची खूण केली.

पुढचा महिना आम्ही एकच भजन घोटलं. मायच्या माहेरचं, देवीचं, चार कडव्यांचं. मी शाळेतून आले की ओठ, ताटली, तळहात, फुली. आबांना काय हवंय हे ते बोलले नाहीत, पण मला कळत होतं. त्यांना कोणी वाहवा म्हणायला नको होती. त्यांना कपबशांमधून उठून पुन्हा माणसांत बसायचं होतं.

रविवार आला. दारात मंडप, एका बाजूला फळ्यांचा छोटा ओटा, त्यावर मंडळ. कानबाई नथ घालून चौरंगावर बसलेली. गल्ली भरून माणसं, बहुतेक सगळी लूमवालीच. दिवस अजून मावळला नव्हता. मागचं खातं कानबाईसाठी बंद होतं. मी आणि माय पहिल्या रांगेत, आबांच्या अगदी समोर बसलो. आबांनी नवा सदरा घातला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी ओठ हलवले, भजन सुरू झालं.

पहिल्या दोन ओळी छान गेल्या. तिसऱ्या ओळीला चारही झांजा सुरू झाल्या, माइकने त्यांचा आवाज दसपट केला, आणि आबांनी डोळे मिटले. हे आमच्या महिनाभराच्या तयारीत कुठेच नव्हतं. देवी समोर आहे, माणूस डोळे मिटणारच, पण ते मला सुचलं नव्हतं आणि मायलाही नाही. डोळे मिटले म्हणजे आमचे ओठ गेले, खुणा गेल्या, सगळंच गेलं. आवाज चढला, चौथ्या ओळीला लूम सुरू झाला. ढोलकीवाला धापा टाकत मागे पळतोय, झांजा दोन गटांत फुटल्या आहेत, मागे बायका पदर तोंडाला लावून हसू दाबताहेत. मी तळहात खाली आणला, पुन्हा आणला. मिटलेल्या डोळ्यांना काय दिसणार! आणि मग मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखी, उभी राहिले आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन मनगटांची फुली केली.

ढोलकी थांबली. चारही झांजा एका क्षणात थांबल्या. बुवांचे टाळी वाजवणारे हात हवेत राहिले. आठातली सात माणसं लूमवाली. त्यांच्या हातांनी विचारायची वाट पाहिलीच नाही. मंडपातले पुरुष ताडकन उभे राहिले. कोणीतरी ओरडलं, "कौन फसा? कौन फसा?" आणि एकाने तर धावत जाऊन मंडपाचा मेन स्विचच खाली ओढला. माइक गेला, पंखे गेले, दिव्यांच्या माळा गेल्या. मग ओरडणारेही गप्प झाले, कारण अडकलेलं कोणीच दिसेना. आमच्या गल्लीत इतकी शांतता मी जन्मात कधी ऐकली नव्हती.

त्या शांततेत आबा एकटे गात होते. डोळे मिटलेले. मला वाटलं, आता जमीन दुभंगावी आणि मी आत जावं. त्यांची लाज राखायला निघाले होते आणि सगळ्या गल्लीपुढे मीच त्यांना उघडं पाडलं. ती ओळ लूमच्या वेगातच संपली. पण पुढच्या ओळीला वेग उतरला. त्याच्या पुढच्या ओळीला आवाज खाली आला, आणि सूर, कसा कोण जाणे, जाऊन नेमका जिथे बसायचा तिथे बसला. गावच्या भजनातला तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. मायने ऐकला होता, लग्नाच्या आधी. तिने माझा हात एवढ्या जोरात धरला की बांगडी रुतली.

तिसरं कडवं सगळ्यांनी नुसतं ऐकलं. मेन स्विचजवळचा माणूस तिथेच उभा राहिला, त्याने तो वर केला नाही. चौथ्या कडव्याला मायने हळूच साथ धरली, मग पदर तोंडाला लावलेल्या बायकांनी, मग बुवांनी. झांज कोणी उचलली नाही. ढोलकीवाला फक्त बोटांनी वाजवत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते. तेव्हा त्या मंडपात काहीतरी होतं. त्याला देव म्हणायला माझी हरकत नाही.

भजन संपल्यावर बुवांनी मला खास बोलावून झापलं. "पोरी, असा हात परत केलास ना, तर एखाद्याचा जीव जाईल हृदय बंद पडून." मी माफी मागितली. पण पुढच्या गुरुवारी त्यांनी आबांना आपल्या शेजारी बसवलं आणि सांगितलं, की पहिलं भजन तुम्ही म्हणायचं, झांजा नाहीत, ढोलकी नाही, आणि ज्या घरी भजन असेल त्या घराने पंखासुद्धा बंद करायचा. उरलेल्या भजनांना आबा नुसती मान डोलवतात. चहा आता ज्याच्या घरी भजन असेल तो करतो. तो काही फार चांगला होत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारनंतरच्या सोमवारी सकाळी कानबाईला तापीत पोहोचवून आम्ही काठावर बसलो होतो. पाणी भरपूर होतं, माणसं पांगली होती. आबा भिजलेलं धोतर पिळून पायऱ्यांवर वाळत घालत होते. मला रात्रभर झोप आली नव्हती. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले, ओठ नीट दिसतील अशी, आणि सांगून टाकलं: काल तुम्ही डोळे मिटले होते तेव्हा माझ्यामुळे सगळं बंद पडलं. बराच वेळ तुम्ही एकटेच गात होता. तुम्हाला कळलं नसेल.

आबा हसले. "मले ठाऊक व्हतं," ते म्हणाले. "झांजा बंद पडन्यात तशी बूडखालनी थरथरती फळी थंडी व्हई गयी. मी लूम चालाडेल मानूस, मशीन बंद पडनं ते मले समजाव नही का?"

"मग तुम्ही थांबला का नाहीत?"

त्यांनी धोतराची एक घडी घातली, ती पुन्हा मोडली.

"पंधरा वरीस व्हयनात, मना आवाज मले आयकू येत नव्हता," ते म्हणाले. "काल आयकू उना. मंग थांबू कसा?"